आत्याने आतून कडी लावली

आप्पांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला, सकाळी पावणेदहा वाजता, आत्याने कोपऱ्यातल्या खोलीत जाऊन आतून कडी लावून घेतली. तिसऱ्या मजल्यावरच्या कडीचा आवाज तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचे काही कारण नव्हते, पण वहिनीला तो आला. हातातली सुरी तिने खाली ठेवली आणि नवऱ्याकडे बघितले. दादा किल्ल्यांच्या फळीसमोर उभा राहून चष्मा पुसत होता. संकट आले की दादा आधी चष्मा पुसतो, हे या घरात लहानथोर सगळ्यांना पाठ आहे.

"लावली," वहिनी म्हणाली.

"काय?"

"कडी. वन्संनी."

"वारा असेल गं."

"वाऱ्याला कडी लावता येत नाही."

दाराजवळच्या बाकावर दोन परदेशी पाहुणे बसले होते. बाईच्या डोक्यावर रुंद काठाची गवती टोपी, नवरा उन्हाने गुलाबी झालेला, दोघांच्या पायाशी चाकांच्या बॅगा. जो समोर येईल त्याच्याकडे बघून दोघेही हसत होते. कोपऱ्यातली खोली चार दिवस त्यांची आहे, असे त्यांच्या फोनवर लिहिलेले होते आणि ते खरे होते. आज घर पाहुण्यांसाठी बंद आहे, आठही खोल्या घरच्यांसाठी नि नातेवाइकांसाठी ठेवल्या आहेत आणि नातेवाईक बाराच्या बोटीने उतरणार आहेत, हेही तितकेच खरे होते. घरचे झाले थोडे आणि व्याह्याने धाडले घोडे म्हणतात, तशी गत.

दोष दादाच्या चिमट्यांचा होता. बंदराकडे उतरणाऱ्या त्या जिन्याच्या गल्लीत सगळ्यांच्या घरी खोल्यांचा हिशेब आता फोनवर असतो, पण दादाचा फोनवर विश्वास नाही. त्याची लाकडी फळी, फळीला आठ खुंट्या, खुंटीला किल्ली. खोली घरच्या माणसासाठी राखायची असेल, तर किल्लीला कपडे वाळत घालायचा चिमटा लावायचा. चिमटा नसेल, तर खोली परक्याला द्यायला मोकळी. परवा त्याने आठच्या आठ किल्ल्यांना चिमटे लावले आणि खिशात हात घालून त्या फळीकडे तो बराच वेळ समाधानाने बघत राहिला.

काल दुपारी वारा सुटला. गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींपैकी एक शेजारच्या छपराकडे निघाली. एक चिमटा कमी पडत होता. वहिनी धावत खाली आली, फळीवरचा एक चिमटा काढून घेतला आणि धावत वर गेली. चादर वाचली. संध्याकाळी मैना, म्हणजे दादाची लेक, जिला चार भाषा येतात म्हणून हे नाव पडले ती, फोन हातात घेऊन फळीसमोरून गेली. कोपऱ्याच्या किल्लीला चिमटा नव्हता. तिने फोनवर कळवले, हो, या.

आणि आज सकाळी पाहुणे दारात उभे राहिल्यावर दादाने वहिनीला विचारले होते, "आठ किल्ल्या होत्या. तुला नेमका कोपऱ्याचाच चिमटा का दिसला?"

वहिनी पटकन बोलून गेली, "वन्संचं काय, त्या जातातच की चादरींच्या खोलीत."

आत्या तेव्हा जेवणाचा पांढरा टेबलक्लॉथ छातीशी धरून जिना उतरत होती. ती थांबली. टेबलक्लॉथ तिने कठड्यावर नीट ठेवला, वळली आणि वर गेली.

वहिनीला वाईट वाटले. ती वाक्य फिरवून फिरवून आठवत होती आणि प्रत्येक वेळी ते अधिकच वाईट वाटत होते. बरे, त्यात खोटे तरी काय होते? बावीस वर्षे, म्हणजे आप्पा खालच्या मजल्यावर राहायला गेले आणि त्यांची ही खोली आत्याला मिळाली तेव्हापासून, दर उन्हाळ्यात कोपऱ्याची खोली पाहुण्यांना जात होती, कारण तिला बंदर दिसणारी खिडकी होती, आणि दर उन्हाळ्यात आत्या आपली उशी काखेत मारून जिन्याखालच्या चादरींच्या खोलीत जात होती. कुणाला सांगावे लागत नव्हते. कुणी विचारतही नव्हते. वहिनीला आता तेच डाचत होते.

तिने वाटाण्याच्या शेंगांची टोपली ओट्यावरून टेबलावर आणली. टोपीवाली बाई बाकावरून उठली, न विचारता टोपली मांडीवर घेतली आणि सोलायला लागली. तिचा हात वहिनीपेक्षा भरभर चालत होता.

"हिला कोण सांगणार, की हिच्यामुळं घरात आग लागलीय?" वहिनी म्हणाली.

"हिच्यामुळे नाही," दादा म्हणाला.

"मग माझ्यामुळं?"

दादाने पुन्हा चष्मा काढला.

*

तिसऱ्या मजल्यावर, कोपऱ्याच्या दाराबाहेर, कप्तान जिन्याच्या सर्वांत वरच्या पायरीवर बसला होता. धाकटा भाऊ. बंदरातून पाहुण्यांना खाडीच्या गुहा दाखवायला नेणारी बोट त्याची, म्हणून कप्तान. त्याच्या सदऱ्याच्या खिशात चार घड्या घातलेला कागद होता आणि तो कागद त्याला सकाळपासून टोचत होता.

सहलींची एक मोठी कंपनी सबंध घर घ्यायला तयार होती. बारा महिने. रंगरंगोटी, चादरी, पाहुणे, तक्रारी सगळे त्यांच्या गळ्यात. घरच्यांनी बस डेपोमागच्या नव्या इमारतीत तीन फ्लॅटमध्ये राहायचे. आप्पांची आणि तिन्ही भावंडांची, अशा चार सह्या हव्या होत्या, आणि सगळा गोतावळा जमला असताना जेवणानंतर सह्या उरकून टाकायचे ठरले होते. कप्तानाला हे मनापासून हवे होते. वहिनी त्याच्या बाजूला होती, कारण चादरी धुऊन तिचे मनगट गेले होते. दादा दोन्ही डगरींवर हात ठेवून होता. आत्याला कुणी विचारले नव्हते, कारण ती नाही म्हणणार हे माहीत होते, आणि ती शेवटी सही करणार असेही सगळ्यांनी गृहीत धरले होते.

"ताई," कप्तान दाराला म्हणाला, "आज आप्पांचा वाढदिवस. आजच कशाला?"

"आजच सह्या घेणार ना तुम्ही?" आतून आवाज आला. "केक कापून झाला, की? म्हाताऱ्याच्या तोंडात केक असताना."

"तुला कुणी सांगितलं?"

"तुझ्या खिशानं. सकाळपासून चाचपतोयस."

दादा दम खात वर आला. त्याच्या मागून मैना. तिघांनाही जिन्याच्या त्या वरच्या टोकाला नीट उभे राहता येत नव्हते, म्हणून मैना भिंतीला चिकटली.

"ताई, उघड गं," दादा म्हणाला. "खाली माणसं आलीत. खोली मागतायत."

"मी आधी आले."

"असं काय लहान मुलासारखं?"

"लहान मूल मी या खोलीत कधी नव्हतेच. मी सोळा वर्षांची असताना आप्पांनी बांधली ही. विटा मी वर आणल्या, आणि तुम्ही दोघं खाली गोट्या खेळत होता."

हे खरे होते.

कप्तानाने दुसऱ्या बाजूने सुरुवात केली. तो लबाड नव्हता, हे इथे सांगितले पाहिजे. त्याच्या लहानपणी दर वर्षी एखादे घर पलंग-कपाटे घेऊन बोटीवर चढायचे आणि परत यायचे नाही. त्याचा जिवलग मित्र असाच गेला. धक्क्यावर उभा राहून हात हलवता हलवता कप्तान रडला होता, आणि ते तो आजही विसरला नव्हता.

"ताई, आठव ना. दवाखाना आठवड्यातून एकदा उघडायचा. बोट दिवसाला एक. आता तासाला बोट आहे, डॉक्टर रोज आहे, शाळा बंद पडणार होती ती चालू आहे. माझी दोन्ही पोरं गावात राहिली. कुणामुळे? या चाकांच्या बॅगांमुळेच ना?"

"डॉक्टर रोज आहे," आत्या म्हणाली. "तो चिठ्ठी लिहून देतो. औषधाचं दुकान कुठं आहे?"

कप्तानाचा हात पुन्हा खिशाकडे गेला.

"सांगा की. त्या जागी आता फ्रिजला लावायचे चुंबक मिळतात. ताप आला, तर कपाळाला चुंबक लावू? चांभार गेला, तिथं आइस्क्रीम. त्याच्या शेजारी आइस्क्रीम. समोर आइस्क्रीम. बुटाचा तळ निघाला, तर व्हॅनिलानं चिकटवू?"

मैना हसली. बापाने डोळे वटारले, तरी तिला आवरेना.

"हसतेस काय? या गल्लीत हिवाळ्यात किती चुली पेटतात, मोजल्यास का? आपली धरून चार. बाकी सगळ्या घरांना कुलूप, नि कुलपाशी किल्ली ठेवायची नंबरांची डबी. कुणाला हाक मारायची म्हटलं, तर त्या डबीला मारावी लागते. आता आपलंही घर कंपनीला द्या. म्हणजे तीनच राहतील."

"पण आत्या," मैना दाराजवळ आली, "हे लोक आले नसते, तर मी तरी कुठे असते? माझ्या वर्गातल्या सगळ्या दूर निघून गेल्या. मी चार भाषा शिकले त्या याच जिन्यावर, यांच्या बॅगा उचलता उचलता. मला आवडतं हे काम. लोकांना गाव दाखवायला लागले, तेव्हा मला आपलं गाव दिसलं."

"तुला मी काही म्हटलं का? आणि पाहुणे नकोत, असं तरी कधी म्हटलं? मला आवडतात पाहुणे. बावीस वर्षं त्यांच्या उशा झटकल्या मी, त्यांची रडकी पोरं खेळवली. मला फक्त माझा पलंग हवाय. उन्हाळ्यातसुद्धा. तुमचा तो कागद आला, तर हिवाळ्यातला पण जाईल."

मैनाने तळवा दारावर ठेवला. तिला आत्याची फार लाज वाटली, म्हणजे आत्याबद्दल नव्हे, स्वतःबद्दल. काल तिने फोनवर हो म्हणून कळवले, तेव्हा त्या खोलीत कोण राहते, हा प्रश्न तिच्या मनातही आला नव्हता.

*

पायऱ्यांवर पावले वाजली. टोपीवाली बाई आणि तिचा गुलाबी नवरा वर आले. बाईच्या कपड्यांना वाटाण्याचे एक टरफल अडकले होते. तिने मैनाला काहीतरी विचारले.

"काय म्हणतेय?" दादा म्हणाला.

"काय झालं, विचारतेय."

"सांग, कडी अडकलीय."

मैनाने तसे सांगितले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. गुलाबी माणसाचा चेहरा उजळला, त्याने पाठीवरची पिशवी उतरवली, त्यातून छोटा पेचकस काढला आणि गुडघ्यावर बसून तो दाराच्या बिजागरीला भिडला. मैनाने घाईघाईने चौकशी केली.

"सुतार आहे हा," ती म्हणाली. "चाळीस वर्षं दारं बसवलीत, म्हणतोय. पाच मिनिटांत काढून देतो."

"कोण खरवडतंय?" आतून आत्या ओरडली.

"ताई, काही नाही, जरा—"

"माझं दार काढताय? आप्पांनी बसवलेलं दार?"

"थांबव त्याला," दादा म्हणाला.

"कसं थांबवू? तुम्हीच सांगितलं, अडकलीय म्हणून."

पहिला स्क्रू निघाला होता. तो माणूस तळहातावर घेऊन सगळ्यांना दाखवत होता. तेव्हा मैनाने एक घाव दोन तुकडे केले आणि खरे काय ते सांगून टाकले: ही खोली माझ्या आत्याची आहे, ती आत आहे, आणि दर उन्हाळ्यात आम्ही ती तिच्याकडून काढून घेतो. चूक माझी आहे.

टोपीवालीने टोपी काढली. आत तिचे केस पांढरे आणि मुलासारखे आखूड होते. ती कप्तानाशेजारी पायरीवर बसली आणि दाराकडे तोंड करून बोलू लागली. शांतपणे, बराच वेळ. मैना थोडे थोडे करून सांगत गेली.

"ती म्हणतेय, ती ट्राम चालवायची. आता निवृत्त आहे. तिचं शहर फार सुंदर आहे म्हणे. म्हणून तिथं राहता येत नाही."

"म्हणजे?" आतून.

"म्हणजे सगळं जग बघायला येतं. भाडी वाढली. खालचा पाववाला गेला. मग यांनीही उन्हाळ्यात आपलं घर पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. त्याशिवाय भागत नाही. आत्ता, या घडीला, तिच्या पलंगावर एक अनोळखी कुटुंब आहे. ते तिची उशी वापरतात. ती परत गेली की तिला पहिले चार दिवस आपल्या घराला आपला वास येत नाही."



"मग इथं कशाला आली?" आत्याने विचारले.

मैनाने विचारून सांगितले. "म्हणते, उन्हाळ्यात कुठंतरी जायला तर हवं ना. घरी जागा नाही."

आणि मग आतून आत्याचे हसणे ऐकू आले. ती हसायला लागली की तिला ठसका लागतो, तसा लागला. कप्तानही हसला, आणि आपण नेमके कशाला हसतो आहोत हे न कळता सुतारही.

"म्हणजे मी चादरींच्या खोलीत," ठसका आवरत आत्या म्हणाली, "ही माझ्या पलंगावर, हिच्या पलंगावर तिसरी, आणि तिसरीच्या?"

"चौथी असेल कुणीतरी."

"विचार तिला, सगळ्यांनी आपापल्या पलंगावर झोपलं, तर जगाचं काय बिघडेल?"

मैनाने विचारले. बाईने क्षणभर विचार केला आणि उत्तर दिले.

"म्हणतेय, काही बिघडणार नाही. फक्त तुझी-माझी भेट झाली नसती."

आत पलंग करकरला आणि आत्याचा आवाज दाराच्या अगदी जवळून आला.

"दादा, तू आहेस ना?"

"आहे."

"मी दार उघडीन. पण आधी तू चादरींच्या खोलीत जाऊन पड. दार लावून. कप्तानालाही ने. बावीस उन्हाळे नको, अर्धा तास. मग या."

*

दादा त्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत हजारदा गेला होता. "चार उशा दे गं," म्हणून हात पुढे करायचा आणि उशा घेऊन निघायचे. आत तो कधी गेला नव्हता, हे त्याला आत गेल्यावर कळले.

तो खाटेवर आडवा झाला. कपाळापासून वीतभर अंतरावर टॉवेलांची फळी होती. पाय पसरले, तर गरम पाण्याच्या टाकीचा पाइप टाचेला लागला, आणि तो चांगलाच गरम होता. गुडघे दुमडून कुशीवर वळावे म्हटले, तर आधी उठून बसावे लागत होते. भिंतीच्या पलीकडे जिना. एक बॅग खडखडत उतरली, आणि प्रत्येक पायरी त्याच्या मणक्यात मोजून गेली. कुणाची पोरे होती कोण जाणे, दोन मिनिटांत तीनदा वर-खाली झाली.

"सरक," कप्तान आत येत म्हणाला.

"कुठे सरकू? टाकीत?"

कप्तान बसला. खाट बसली. दोघांच्या मध्ये एक खिळा होता, त्याला आत्याच्या चष्म्याची दोरी. फळीच्या कडेला, झोपलेल्या माणसाला हात लांबवून पोहोचेल अशा जागी, एक पुस्तक, एक खोकल्याच्या गोळ्यांची डबी आणि आप्पांचा तिघा भावंडांसोबतचा जुना फोटो चिकटवलेला. फोटोत आत्या दोघांचे कान धरून उभी होती.

"आपण दिवाभीत आहोत का रे?" दादाने विचारले. "इतकी वर्षं दिसलं नाही."

"मी तर म्हणायचो, ताईला काय, गरम खोली आहे," कप्तान म्हणाला. त्याने तोंड फिरवायला बघितले, पण तिथे तेवढी जागाही नव्हती.

दार उघडले. वहिनी टॉवेल घ्यायला आली होती. खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन पडलेला नवरा आणि त्याच्या पायांशी अंग चोरून बसलेला दीर बघून ती जागच्या जागी थांबली.

"काय चाललंय?"

"ये," दादा म्हणाला. "तू पण पड."

"पडायला जागा कुठाय?"

"तेच," दादा म्हणाला.

वहिनीने फळीकडे बघितले, पाइपाला बोट लावून बघितले आणि चटका बसल्यावर काढून घेतले. मग तीच पुढे झाली, जिना चढून वर गेली आणि दारावर टकटक केली.

"वन्सं, मी बोलले ते चुकलं. चिमटा काढला तेही चुकलं. पण चादर उडत होती हो."

"कुठली चादर?"

"निळ्या काठाची."

"ती होय," आत्या म्हणाली. "ती वाचवायलाच हवी होती."

मागून दादा आला. "ताई, तिथं पाय पसरता येत नाहीत."

"नाही येत."

"तू बोलली का नाहीस?"

"पहिल्या उन्हाळ्यात बोलले. तू म्हणालास, एवढाच एक उन्हाळा. आणि चष्मा पुसलास."

दादाचा हात चष्म्याकडे निघाला होता, तो त्याने खाली घेतला. "चुकलो," तो म्हणाला.

कडी निघाली. आत्या दारात उभी होती, केस विस्कटलेले, डोळे लाल, आणि तोंडावर हसू. तिने आधी सुताराकडून आपला स्क्रू मागून घेतला आणि त्याला तो परत बसवायला लावला.

*

बाराच्या बोटीने वीस माणसे उतरली. गच्चीवर टेबले लागली, सूप झाले, भाजलेली मासळी झाली, वाटाणे संपले. टोपीवाली दोन मावसबहिणींच्या मध्ये बसून जेवली. एकीलाही तिची भाषा येत नव्हती, पण तिघींचे बोलणे थांबले नाही. सुतार टेबलाखाली शिरून डगमगणारा पाय ठोकत होता.

आप्पांना हवे तेव्हा कमी ऐकू येते. सकाळपासून त्यांनी काहीही ऐकले नव्हते. केक कापून झाला, तेव्हा त्यांनी सुरी खाली ठेवली आणि कप्तानाला विचारले, "तुझ्या खिशात काय आहे ते काढणार आहेस, की मी माझ्या एक्क्याऐंशीव्याची वाट बघू?"

कप्तानाने कागद काढला. उलगडला. त्याने वहिनीकडे बघितले, तिने नाही अशी मान हलवली. दादाकडे बघितले, तोही तशीच हलवत होता.

"आप्पा, हे लोक घर घेणार होते," कप्तान म्हणाला. "माझी सही सगळ्यांत आधी झाली असती. अजूनही वाटतं, पाहुण्यांशिवाय आपलं चालायचं नाही."

"चालायचं नाहीच," आप्पा म्हणाले. "मी विटा रचल्या त्या घर ओस पडावं म्हणून नाही. येऊ दे की लोक. पण यजमानच डेपोमागं राहायला गेला, तर ते पाहुणे कुणाचे?"

कप्तानाने कागदाच्या पुन्हा चार घड्या घातल्या, आणि सुताराने डगमगता पाय टेकवायला काहीतरी मागितल्यावर तोच त्याच्या हातात दिला. टेबल एकदाचे स्थिर झाले. वहिनीने संधी साधली आणि सगळ्यांसमोर जाहीर केले, की घर राहणार असेल तर चादरी यापुढे बाहेर धुवायला जातील, तिच्या मनगटाच्याने होणार नाही. बारा हात वर झाले. आत्याने दोन्ही वर केले.

दादा मधूनच उठून खाली गेला होता. थोड्या वेळाने खालून ठोकल्याचा आवाज आला, आणि तो हातात पक्कड आणि एक लाकडी खुंटी घेऊन वर आला. ती त्याने आत्याच्या ताटाशेजारी ठेवली, किल्लीसकट.

"फळीवर आता सातच आहेत," तो म्हणाला. "पाहुण्यांना आमची खोली देतो."

"आणि तू?"

"मी चादरींच्या खोलीत. चार दिवस."

"आणि मी वन्संच्या खोलीत," वहिनी म्हणाली. "त्या घेत असतील तर."

"उद्यापासून," आत्या म्हणाली. "आज मी एकटी."

पाच वाजून गेल्यावर मैना केकचा एक तुकडा बशीत घेऊन वर गेली. दार नुसते लोटलेले होते. आत्या बूट काढून पलंगावर उताणी पडली होती, पाय पार टोकापर्यंत पसरून. सूर्य बंदराच्या पलीकडच्या टेकडीवरून थेट खिडकीत आला होता. सबंध भिंत पिवळी झाली होती, आणि खालच्या पाण्यावरचा उजेड छतावर हलत होता. आत्या छताकडे बघत होती.

"मैना," ती हळू आवाजात म्हणाली, "हे बघितलंस? हिवाळ्यात सूर्य त्या बाजूला असतो, इथं येतच नाही. उन्हाळ्यात असं होतं, मला कधी माहीतच नव्हतं."

मैना बशी हातात धरून उभी राहिली. "आत्या, प्रत्येक पाहुणा हेच लिहून जातो. बावीस वर्षं. कोपऱ्याच्या खोलीतलं संध्याकाळचं ऊन. लोक तेवढ्यासाठी ही खोली मागतात."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"तुझीच खोली," मैना म्हणाली. "आम्हांला वाटलं, तुला माहीत असणार."

आत्याने कडेला सरकून अर्धी उशी रिकामी केली, आणि मैनाने बशी खिडकीत ठेवून चपला काढल्या.